हाफकिन आणि लशीतला दुसरा घटक

रक्तदाबाची पाच मिलीग्रॅमची गोळी काट्यावर ठेवली, तर तिचे वजन पाच मिलीग्रॅम भरत नाही. ते शंभर, दीडशे, कधी दोनशे मिलीग्रॅम भरते. मग बाकीचे काय असते? स्टार्च, दुधातली साखर, सेल्युलोज, गोळी पोटात फुटावी म्हणून घातलेला एखादा पदार्थ, ती साच्याला चिकटू नये म्हणून घातलेला दुसरा. इंजेक्शनच्या बाटलीतही तसेच. औषध थेंबभर असते. त्याला विरघळवणारे, टिकवणारे आणि शरीरात नेऊन पोहोचवणारे घटक निराळे असतात. औषधनिर्माणशास्त्रात त्यांना सहायक घटक म्हणतात. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. वैद्यबुवा चूर्ण देताना ते मधातून घ्यायचे की तुपातून, हेही सांगत. त्याला अनुपान म्हणत. औषधाचे गुण बरोबर वाहून नेणाऱ्या पदार्थाला आयुर्वेदात योगवाही असा शब्दच आहे.

तरीही हे घटक म्हणजे नुसती भर, असे बहुतेकांना वाटते. भर कमी केली तर काय बिघडणार? या प्रश्नाने एका मोठ्या शास्त्रज्ञाचे आयुष्य उलटेपालटे केले. त्याचे नाव मुंबईकर रोज घेतात. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव आहे ते वाल्देमार हाफकिन. त्यांनी प्लेगची पहिली लस मुंबईत तयार केली, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या लशीतल्या एका साध्या घटकामुळे त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे झाले, हे फारसे ठाऊक नसते.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ओडेसा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू इल्या मेच्निकोव्ह. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे हेच ते मेच्निकोव्ह. विद्यार्थिदशेतच हाफकिन झारशाहीविरोधी चळवळीत ओढले गेले आणि त्यांना अटकही झाली. ज्यू वस्त्यांवर हल्ले होत, तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते. शिक्षण पुरे झाल्यावर विद्यापीठात पुढे जायचे तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम पत्करले.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. काही काळ जिनिव्हात शिकवले आणि मग ते पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. तिथे जागा होती ती ग्रंथालयातल्या साहाय्यकाची. त्यांनी ती घेतली आणि मोकळ्या वेळात प्रयोगशाळेत कॉलऱ्याच्या जंतूंवर काम सुरू केले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी आपण बनवलेली कॉलऱ्याची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण ते बरे झाले. पुढे काही मित्रांनी स्वतःला टोचून घेतले.

ही लस कॉलरा असलेल्या देशातच तपासता येणार होती. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या पाठिंब्याने हाफकिन १८९३ च्या मार्चमध्ये कोलकात्याला पोहोचले.

वाट सोपी नव्हती. हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. इंग्रज नव्हते, रशियातून आलेले ज्यू होते. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या अनेकांच्या ते डोळ्यांत खुपत. लोकांनाही सुई घेऊन येणारा गोरा माणूस सरकारचाच वाटे. कोलकात्याच्या काटाल बागान वस्तीत त्यांच्या पथकावर दगड आले. तेव्हा त्यांनी आणि बरोबरच्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर स्वतःला टोचून घेतले. लोक पुढे आले. त्या वस्तीत पुढे कॉलऱ्याचे जे रुग्ण सापडले ते न टोचलेल्यांतले होते. पहिल्या अडीच वर्षांत हाफकिन यांनी सुमारे ४२ हजार लोकांना कॉलऱ्याची लस टोचली. ही लस जिवंत जंतूंची होती. ती ताजी ठेवायची, एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची, हे सारे त्यांनीच सांभाळले. प्रयोगशाळेत लस करता येणे एक आणि माणसाच्या दंडापर्यंत ती धडपणे पोहोचणे दुसरे, हा धडा त्यांना तिथेच मिळाला. शेवटी मलेरियाने प्रकृती ढासळली आणि त्यांना काही काळ युरोपात परतावे लागले.

मुंबईची खोली आणि तुपाचे थेंब

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. शहर हादरले. लोक गाड्या भरभरून गावाकडे निघाले आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला. पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, त्या याच साथीत.

हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत लस केली. कामाच्या ताणाने एक साहाय्यक मनाने खचला, दोघे काम सोडून गेले.

ही लस कशी बनत असे, ते आजच्या वाचकाने मुद्दाम समजून घ्यावे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. युरोपात त्यासाठी गाईबैलांचे मांस वापरत. इथे ते लोकांना चालणार नाही हे हाफकिन यांनी ओळखले आणि बकऱ्याच्या मांसापासून रस केला. या रसावर ते तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडत. प्लेगच्या जंतूंना पृष्ठभागावर आधार मिळाला की ते फोफावतात. तुपाच्या तरंगत्या थेंबाला धरून जंतूंचे धागे खाली लोंबू लागत, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे. अधूनमधून बाटली हलवली की ते तुटून खाली बसत आणि वर नवे वाढत. सुमारे सहा आठवडे हे चाले. मग सगळा रस ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारत. आणि शेवटी त्यात अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालत.

कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल. दवाखान्यात शिरताच जो वास येई तो त्याचा. प्लेगविरुद्ध त्याचा काहीच उपयोग नाही. ते परिरक्षक आहे. म्हणजे लोणच्यात मीठ आणि तेल जे करते ते बाटलीत ते करते. तापवून मारलेल्या जंतूंचा रस हे इतर जंतूंचे उत्तम खाद्य असते. बाटलीत चुकून एखादा परका जंतू शिरला तर तो तिथे मजेत वाढेल. कार्बोलिक त्याला वाढू देत नाही. या लशीत रोगाशी लढायला शिकवणारा घटक होता मेलेला प्लेगचा जंतू, आणि त्याची राखण करणारा दुसरा घटक होता कार्बोलिक.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घनसेंटिमीटर. पुढे लोकांना जी दिली तिच्या तिप्पट. कडक ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या. ते काम करत राहिले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी आपणहून लस घेतली. टोचतानाच ज्यांच्या अंगात रोग शिरलेला होता ते वगळता, लस घेतलेल्यांत दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न घेतलेल्यांत बारा जणांना झाला आणि सहा गेले.

पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावी त्यांनी याहून काटेकोर चाचणी केली. प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, अन्न तेच. फरक फक्त लशीचा. टोचलेल्या ७१ जणांत आठ जणांना प्लेग झाला आणि तिघे गेले. न टोचलेल्या ६४ जणांत २७ जणांना झाला आणि २६ गेले. आज कोणत्याही नव्या औषधाची चाचणी अशीच दोन गट करून घेतात. ती पद्धत नीट रुळण्याच्या कितीतरी आधी ती या गावात वापरली गेली.

मुंबईत खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली, आपल्या समाजाला घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी माझगावात बंगलाही दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. याच वाड्यात काही वर्षांपूर्वी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने वारल्या होत्या आणि गव्हर्नरांचा मुक्काम पुढे मलबार हिलला हलला होता. ज्या वास्तूतून रोगाने सत्ताधीशांना हुसकले, तिथेच रोगावरची लस बनू लागली. एका खोलीपासून सुरू झालेल्या कामावर आता पन्नासहून अधिक माणसे होती.

मलकोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला. तिथल्या सरकारने लाखो लोकांना लस टोचायची मोठी मोहीम आखली. त्यासाठी विलायतेहून डॉक्टर मागवले. परळकडे लशीची मागणी एकदम वाढली. सहा आठवडे रस मुरवून ती पुरी होणे शक्य नव्हते.

हाफकिन यांनी पद्धत बदलली. मांसाच्या रसाऐवजी अगारच्या थरावर जंतू वाढवले, म्हणजे काम लवकर होई. आणि कार्बोलिक घालणे बंद केले. यात निष्काळजीपणा नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवे. जंतू मारायला उष्णता पुरते हे पाश्चर संस्थेच्या अनुभवाने दाखवले होते. उष्णतेने बाटली निर्जंतुक झाली असेल तर कार्बोलिक कशाला? प्रयोगशाळेच्या चार भिंतींत हा हिशेब बिनचूक होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. आठवडाभराने त्यांच्यातल्या काहींचे जबडे आवळू लागले, पाठी धनुष्यासारख्या वाकू लागल्या. तो धनुर्वात होता. १९ माणसे गेली. त्या १९ जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती. तिच्यावर क्रमांक होता ५३-एन. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून ज्यांना लस दिली ते बाकीचे सगळे ठणठणीत राहिले.

मृत्यू एवढे स्पष्ट होते की चौकशी व्हायलाच हवी होती. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याचा निष्कर्ष असा की, धनुर्वाताचा जंतू बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, तिच्यात शिरला होता. कार्बोलिक वगळून हाफकिन यांनी एक मोलाची सुरक्षा काढून टाकली, हाही ठपका होता. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर केले गेले. १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. ज्या माणसाने लाखोंना वाचवण्याचे साधन दिले, त्याच्या नावापुढे आता १९ मृत्यू लागले.

चिमटा

पण चौकशीच्या कागदांतच एक वेगळी हकीकत दडलेली होती. मलकोवालमध्ये बाटल्या उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. ज्योतीवर धरून तो निर्जंतुक करायला हवा होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून काढला आणि त्यानेच बाटली ५३-एनचे बूच काढले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. त्यांचे कवच इतके चिवट असते की जंतुनाशकात क्षणभर बुडवल्याने ते मरत नाहीत. आणखी एक गोष्ट. धनुर्वाताचे जंतू रसात वाढले की त्याला घाण वास येतो. ती बाटली परळहून निघाल्यापासून बरेच दिवस बंद होती. जंतू तिथेच शिरला असता तर उघडताच दुर्गंधी आली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला तसला काही वास आला नव्हता.

मलेरियाचा डास शोधणारे सर रोनाल्ड रॉस यांनी हा धागा पकडला. आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर त्यांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्रे लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्या वर्षी २९ जुलैच्या अंकात दहा नामवंत शास्त्रज्ञांचे संयुक्त पत्र आले. फ्रान्समध्ये निरपराध ज्यू अधिकारी ड्रायफस याला जसे गुंतवले गेले तसेच हे प्रकरण, अशी तुलना होऊ लागली. १९०७ च्या अखेरीस हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला.

मग कार्बोलिकचे काय? त्यावरचा वाद पुष्कळ काळ चालला. अर्धा टक्का कार्बोलिक धनुर्वाताचे बीजाणू मारू शकत नाही, ते फक्त त्यांना वाढू देत नाही. म्हणून मातीतून थेट आलेल्या बीजाणूंपासून त्याने त्या १९ जणांना वाचवलेच असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नव्हते. पण या प्रकरणाने एक गोष्ट कायमची शिकवली. लशीतला परिरक्षक हा कारखान्याची चूक झाकण्यासाठी नसतो. बाटली कारखान्याबाहेर पडल्यानंतर तिचे जे काही होते, त्यासाठी तो असतो. झाडाखाली मांडलेले टेबल, धूळ, गर्दी, घाई, हातातून निसटणारा चिमटा, एकाच बाटलीत पुन्हा पुन्हा जाणारी सुई. प्रयोगशाळेत बसून हिशेब मांडताना हे सगळे दिसत नाही. औषधाची रचना करताना मात्र ते धरावेच लागते.

शेवटची वर्षे

हाफकिन हिंदुस्थानात परतले ते कोलकात्याला. परळची प्रयोगशाळा त्यांची राहिली नव्हती. तिथे दुसरे संचालक होते. कोलकात्यात संशोधनाला जागा होती, पण मोठ्या लसीकरण मोहिमांपासून त्यांना दूरच ठेवले गेले. ठपका गेला तरी पूर्वीचे काम परत मिळाले नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि फ्रान्सला गेले. उतारवयात ते आपल्या धर्माचे अधिक निष्ठेने पालन करू लागले. आपली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. त्यांनी लग्न केले नाही.

१९२५ मध्ये मुंबई सरकारने परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव दिले. तोवर त्या वास्तूतून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात हाफकिन यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आजच्या औषधात त्यांचा धडा

हाफकिन यांच्या हयातीतच सहायक घटक हा औषधशास्त्राचा स्वतंत्र विषय होऊ लागला. १९१० मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी उपदंशावर सालव्हर्सान हे औषध आणले. ते रामबाण होते, पण पाण्यात सहज विरघळत नसे आणि हवा लागली की बिघडे. डॉक्टरांना ते तयार करताना नाकी नऊ येत. दोनच वर्षांनी एर्लिख यांनी जास्त विरघळणारे निओसालव्हर्सान काढले, तेव्हा उपचार सोपा झाला. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये घटसर्पाच्या लशीत तुरटीच्या जातीचे क्षार मिसळल्यावर तिचा परिणाम कितीतरी वाढतो असे आढळले. आजही अनेक लशींत ते असतात.

नवी औषधे शोधणे वाढले तसा विरघळण्याचा प्रश्नही वाढला. आज शोधली जाणारी पुष्कळ रसायने पाण्यात जेमतेम विरघळतात. आतड्यात विरघळले नाही तर औषध रक्तात जात नाही, मग ते कितीही गुणकारी असो. म्हणून त्यांचे कण अतिसूक्ष्म करतात, साखरेच्या कड्यासारख्या रेणूंत त्यांना गुंडाळतात किंवा स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरतात. या पिशव्या, थेंब आणि कण इतके बारीक असतात की केसाच्या जाडीत असे शेकडो मावतील. त्यांनाच नॅनोवाहक म्हणतात. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्राने त्यांचे मोल पाहिले. बुरशीवरचे अ‍ॅम्फोटेरिसिन हे औषध जुन्या स्वरूपात मूत्रपिंडाला इजा करते. तेच औषध स्निग्ध पिशवीत भरले की तो धोका पुष्कळ कमी होतो. मूळ रेणू तोच राहतो. वाहन बदलते आणि रुग्णाचे मूत्रपिंड वाचू शकते.

पुण्यात तयार झालेल्या आणि २०२२ मध्ये मान्यता मिळालेल्या कोविडच्या एमआरएनए लशीतही तेलाचे अतिसूक्ष्म थेंब वाहक म्हणून वापरले आहेत. ती साध्या फ्रिजच्या तापमानात, दोन ते आठ अंशांत टिकते. हाफकिन यांच्या रसावरचे तुपाचे थेंब जंतू वाढवण्यासाठी होते, हे थेंब लस पेशीत पोहोचवण्यासाठी आहेत. काम वेगळे, तरी विचार एकच: मुख्य घटकाला आधार कोण देणार, तो टिकणार कसा आणि पोहोचणार कसा, हे ठरल्याशिवाय औषध पुरे होत नाही.

या घटकांकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हेही आपण सोसले आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे चांगले औषध पातळ करण्यासाठी डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव वापरले गेले आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. २०१७ च्या मे महिन्यात दक्षिण सुदानमध्ये गोवराची लस दिल्यावर १५ बालके दगावली. तिथे कुपी उघडल्यावर ती थंड ठेवली नव्हती आणि एकच सिरिंज दिवसेंदिवस वापरली होती. त्या लशीत परिरक्षक नसतो. मलकोवालनंतर ११५ वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा घडली.

म्हणून वाशिम जिल्ह्यातल्या केनवडसारख्या गावात लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका जे करते त्यामागचे कारण पालकांनी समजून घ्यावे. गोवर-रुबेलाची किंवा बीसीजीची कुपी विरघळवली की ती त्यावर वेळ लिहिते. चार तास झाले की उरलेले डोस टाकून देते, समोर मूल उभे असले तरी. काही जणांना हे वाया घालवणे वाटते. पण या लशी जिवंत असतात. त्यांत परिरक्षक घातला तर लसच मरेल. तेव्हा राखण करायला कार्बोलिक नाही, घड्याळ आहे. याउलट पेंटाव्हॅलंटसारख्या लशीत परिरक्षक असतो. म्हणून नियम पाळून उघडलेली कुपी २८ दिवसांपर्यंत वापरता येते. दोन नियम वेगळे का, याचे उत्तर बाटलीतल्या दुसऱ्या घटकात आहे.

घरातही हेच लागू आहे. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून साधारण महिनाभरात संपवावेत किंवा टाकावेत, मग वेष्टनावर मुदत दोन वर्षांची का असेना. ती मुदत बंद बाटलीची असते. मुलांच्या प्रतिजैविकाची पूड पाण्यात कालवली की ते औषध बहुधा आठवडाभरच टिकते. उरलेले पुढच्या आजारपणासाठी जपून ठेवू नये. सावकाश विरघळावी म्हणून बनवलेली गोळी चुरडून देऊ नये, कारण चुरडली की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. एखाद्याला दुधाची किंवा शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आणि औषध दुकानदाराला आवर्जून सांगावे. औषधाच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेली यादी वाचण्याची सवय ठेवली, तर यांतल्या बऱ्याच गोष्टी आपोआप लक्षात येतात.

परळच्या त्या वास्तूत आजही संशोधन चालते. तिला नाव आहे ते ज्याच्यावर ठपका आला आणि पाच वर्षांनी तो दूर झाला अशा माणसाचे. मलकोवालच्या १९ जणांची नावे मात्र कुठल्याही इमारतीवर नाहीत. कुपीवर वेळ लिहिणारा प्रत्येक हात त्यांची आठवण राखतो.